मणियाराच्या नावावरची एकोणसाठ दुखणी

प्रति,
मेहेरबान दवाखाने तपासणीस साहेब,
यांचे कचेरीत, मुक्काम अहमदनगर.

अर्जदार : खाजाभाई वल्लद बाबाजान मणियार, वय सुमारे चौपन्न, धंदा काकणे भरणे, राहणार मौजे पिंपळहोळ, तालुका अकोले.

विषय : पिंपळहोळ दवाखान्याच्या रजिस्टरात अर्जदाराच्या नावे लिहिलेली एकोणसाठ दुखणी ज्यांची त्यांच्या नावे करणेबाबत, व मौजे करवंददरा येथे धरणाचे पाणी चढण्यापूर्वी बाई नर्स पाठविणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचा अर्ज, तारीख १२ नोव्हेंबर १९४५. (२) आपले कचेरीचे उत्तर, तारीख १९ फेब्रुवारी १९४६.

महोदय,

१. वर लिहिलेला अर्जदार हुजुरांस नम्रपणे कळवितो की, मागील अर्जात त्याने करवंददरा व आसपासच्या वाड्यांसाठी पंधरवड्यातून एक दिवस बाई नर्स मिळावी अशी विनंती केली होती. त्यावर कचेरीचे उत्तर आले. उत्तर सभ्य होते आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्यात असे होते की, पिंपळहोळ दवाखान्याच्या रजिस्टरात सन १९४५ या सालात स्त्री रुग्णांची संख्या अवघी अकरा आहे, सबब त्या भागातील स्त्रियांची प्रकृती समाधानकारक असून नर्सेची गरज दिसून येत नाही. पुढे असेही होते की, पुरुषांमध्ये मूळव्याधीचे प्रमाण मात्र काळजी करण्याजोगे आढळल्याने त्या मलमाचा साठा दुप्पट करण्यात येत आहे. मलम आले. दोन डबे भरून आले आहे.

२. हुजूर, ते पुरुष म्हणजे एकटा अर्जदार आहे. त्या सालच्या रजिस्टरात त्याचे नाव एकसष्ट वेळा लिहिलेले आहे. त्यातली दोन दुखणी त्याची स्वतःची. एकदा तट्टाने पाय तुडविला ते, आणि एकदा हिवताप आला ते. उरलेली एकोणसाठ बायांची आहेत. सरकारी दवाखान्यात खोटे सांगितल्याचा गुन्हा अर्जदार या अर्जाने आपण होऊन कबूल करीत आहे.

३. हे कसे झाले ते सांगितल्यावाचून हुजुरांच्या ध्यानी येणार नाही. मणियाराचा धंदा असा आहे की परक्या घरच्या बाईचा हात हातात धरण्याची मुभा आमच्या मुलखात त्याला एकट्याला आहे. काकणे भरायची वेळ झाली की घरचे बाप्ये आपणहून उठून गोठ्याकडे जातात. अर्जदार मान खाली घालून ओट्यावर बसतो, पुढे आलेल्या हाताची बोटे एकत्र जुळवतो, अंगठा आत दाबतो आणि म्हणतो, हात सैल सोड बाई. हात सैल सुटला की जीवही थोडा सैल सुटतो. वर काकण चढत जाते आणि आतले दुखणे ओठावर येते. तेहतीस वर्षे अर्जदार बारा वाड्या हिंडतो आहे. त्याने जे ऐकले ते कोणा बापाने ऐकले नसेल, नवऱ्याने तर नाहीच. काही वेळा सांगावेही लागत नाही. ताप हाताला कळतो. नखे पांढरी फटक पडलेली दिसतात. दिवाळीला घट्ट बसलेले काकण होळीला कोपरापर्यंत घसरलेले असते.

४. मग ती बाई म्हणते, मामा, तुमच्या गावात दवाखाना हाय, तेवढं औषध आणा, पन माझं नाव घिऊ नगा. करवंददऱ्याहून पिंपळहोळ साडेतीन कोस. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी चढले की जुनी वाट बुडते आणि डोंगराच्या कडेने सात कोसांचा वळसा पडतो. तेवढी वाट तुडवून परक्या बाप्यापुढे दुखणे उघडायला कोणी सासू सुनेला धाडत नाही, आणि सून स्वतःही जात नाही. दवाखान्यात पाटी आहे की रोगी समक्ष हजर असल्याशिवाय औषध मिळणार नाही. ती बरोबरच आहे. अर्जदार हजर राहू शकत होता, म्हणून तोच रोगी झाला.

एकीचे दूध साकळून छाती दगडासारखी झाली होती, अर्जदाराने काखेत गळू झाले असे सांगितले. एकीला बाळंतपणापासून अंगावरून जात होते, चार महिने थांबेना, तेव्हा अर्जदाराने मूळव्याध सांगितली. एकीचा तिसऱ्या महिन्यातला गर्भ भातलावणीच्या चिखलात गेला, त्याचा अर्जदाराने पोटात मुरडा केला. औषध मिळे ते बाप्याच्या अंगाला साजेसे. ते बायांनी घेतले. काहींना गुण आला. ज्यांना नाही आला त्या म्हणत, मामा, तुमचा हात गुणाचा हाय, आमचंच अंग खोटं. कंपाउंडर सहादेव हा शहाणा माणूस आहे. एका बाजारच्या दिवशी बाटलीत औषध ओतता ओतता त्याने भर रांगेत विचारले, "खाजाभाई, हे एका मानसाचं अंग हाय का अख्खी वाडी?" रांग हसली. अर्जदारही हसला.

५. आता जे सांगायचे आहे त्यासाठी अर्जदाराने हा कागद तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. करवंददऱ्यातील मुक्ताबाईची थोरली सून चांगुणा, मच्छिंद्राची बायको, हिचे माहेर पिंपळहोळचे, अर्जदाराच्या घरापासून चौथे. तिच्या मनगटात पहिली काळी काकणे, बोटाच्या पेराएवढी, अर्जदाराने पाचवीच्या दिवशी घातली. लग्नाचा चुडाही त्यानेच भरला. सासरी गेल्यावर ती जात्यावर बसली की अर्जदाराच्या तट्टाची घंटा ऐकून दळण न थांबवता गात असे:

डोंगराच्या पल्याड माझ्या मायचा गं गाव,
मनेरमामा सांग तिला, घेऊन माझं नाव.

अर्जदार परत गेल्यावर तिच्या आईच्या दारात उभा राहून सांगे, चांगुणाने सांगावा धाडला, बरी हाय. सांगावा एवढाच असे. तेवढ्यासाठी तिची आई भाकरी सोडून उठून येई.

६. गेल्या श्रावणात चांगुणाला सातवा महिना लागला. ओटी भरायची म्हणून मुक्ताबाईने अर्जदाराला बोलावले. चांगुणाचे माप सव्वादोन, लग्नापासून कधी बदलले नव्हते. त्या दिवशी सव्वादोनचे काकण बोटांच्या सांध्यापाशीच अडले. हातातली जुनी काकणे इतकी रुतली होती की ती वाढवून (आम्ही फोडून म्हणत नाही) काढावी लागली. शेवटी अडीचचा हिरवा चुडा मोठ्या कष्टाने चढला. आमच्या धंद्यात गरोदर बाईचे माप वाढले की मणियार खूश होतो. पोर अंगी लागले, बाळ भरले, असे तो घरच्यांना मोठ्याने सांगतो आणि त्या शब्दाबद्दल त्याला नारळ मिळतो. ही जुनी रीत आहे. अर्जदाराने मुक्ताबाईला हाक मारून सांगितले, सून चांगली भरली, माप वाढलं. मुक्ताबाईने हसून नारळ दिला. अर्जदाराने तो घरी नेला. त्याची बायको मलिका हिने तो फोडला आणि दोघांनी खाल्ला.

७. तो उठायच्या आधी चांगुणा हळूच म्हणाली, "मामा, डोकं लई ठनकतं. अन् दिवसाढवळ्या डोळ्याम्होरं काजवं येत्यात." अर्जदाराने नेहमीप्रमाणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन बाकावर बसला आणि पाळी आल्यावर डॉक्टरसाहेबांना म्हणाला, माझे डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे येतात. डॉक्टरसाहेबांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली. मग त्यांनी विचारले, हातापायांवर सूज आहे का?

हुजूर, त्यांनी विचारले. एवढ्या गर्दीत, ऐंशी माणसे बाहेर खोकत असताना, नेमका तोच प्रश्न त्यांनी विचारला. अर्जदाराने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. काळे, हाडकुळे, काचेने जागोजाग चिरलेले. त्यांच्याकडे बघून त्याने सांगितले, नाही. आदल्या दिवशी जो हात त्याने दाबून दाबून घामाघूम होईतो काकणात बसवला होता तो त्याला त्या घटकेला आठवला नाही. तो रोगी होऊन बसला होता आणि रोग्यासारखे त्याने खरे उत्तर दिले. रजिस्टरात त्या तारखेला लिहिले आहे: खाजाभाई बाबाजान, पुरुष, डोकेदुखी, अंधारी. सूज: नाही. पित्ताची पूड मिळाली. ती चांगुणाने सात दिवस पाण्यातून घेतली.

८. भाद्रपदात, आठवा सरत असता, चांगुणाला दुपारी दळता दळता झटके आले. वाडीला वाटले वारे आले. अंगारा झाला, लिंबू झाले. मग मच्छिंद्राने आणि त्याचा धाकटा भाऊ बन्सी याने तिला घोंगडीच्या झोळीत घातले आणि पाण्यापर्यंत आणले. वाट बुडालेली होती. वळशाने निघाले. अर्ध्या कोसावर बन्सी म्हणाला, दादा, खाली ठेव. तिला खाली ठेवले तेव्हा ती नव्हती आणि पोटातलेही नव्हते.

सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरायला अर्जदाराला बोलावणे आले. माप मोठे लागेल हे ओळखून त्याने पावणेतीन नेले. आमच्याकडे यापेक्षा मोठे माप नाही. हुजूर, जिवंत हाताला दुखले की तो मागे ओढला जातो आणि त्या ओढीवरून मणियाराला कळते की कुठे थांबावे. तो हात मागे आला नाही. अर्जदार दाबत राहिला. दोन काकणे वाढली. तेव्हा मुक्ताबाई त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "राहू द्या खाजाभाई. तिला दुखत न्हाई म्हनून काय झालं, मला दुखतंय." मग काकणे हळदीच्या दोऱ्यात ओवून मनगटाला बांधली. चांगुणा तशीच गेली.

९. पंधरा दिवसांनी अर्जदार दवाखान्यात गेला आणि त्याने डॉक्टरसाहेबांना त्या एका दिवसापुरते खरे सांगितले, की डोकेदुखी त्याची नव्हती, ती सातव्या महिन्यातल्या चांगुणाची होती आणि तिच्या हातांना सूज होती. डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर मागे चाळून ते पान काढले. बोट ठेवले. मग ते एवढेच म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला."

पुढे त्यांनी समजावून सांगितले की, गरोदरपणी हात, तोंड सुजणे, डोके ठणकणे आणि डोळ्यांपुढे काजवे येणे ही तिन्ही एकत्र दिसली तर ती झटक्यांची आधीची खूण असते. वेळेवर कळले, मीठ तोडले, बाईला निजवून ठेवले आणि दर आठवड्याला नर्सेने रक्ताचा दाब पाहिला तर पुष्कळ बाया वाचतात, आणि वाढलेच तर इस्पितळात नेता येते. तेहतीस वर्षे अर्जदार ज्या खुणेसाठी नारळ घेत आला ती खूण ही होती. त्याने आजवर किती नारळ घेतले, याचा तो हिशेब करीत नाही. करवत नाही.

१०. त्यानंतरच अर्जदाराने मागील अर्ज केला. परंतु त्यात त्याने रजिस्टरातली गोष्ट लिहिली नाही, कारण नाव सांगणार नाही अशी त्याने प्रत्येकीच्या हाताला हात लावून शपथ घेतली होती. कचेरीचे उत्तर आले तेव्हा मात्र त्याला कळले की त्या शपथेने काय केले. बाया दुखत होत्या तरी कागदावर नव्हत्या, आणि कागदावर नव्हत्या म्हणून त्यांच्यासाठी कोणी येणार नव्हते. तेव्हा होळीपासून तो पुन्हा बारा वाड्या हिंडला. काकणे न विकता नुसता दारोदार गेला आणि प्रत्येकीला विचारले, बाई, तुझे नाव सरकारला सांगू का?

एकीने दार लावून घेतले. एकीच्या सासूने, आधी पोरीची अब्रू बाटलीत भरून नेली अन् आता पाटीवर लिवतो, असे ऐकवले. ते अर्जदाराने ऐकून घेतले, कारण त्यात खोटे नव्हते. परंतु एकोणसाठ दुखण्यांपैकी एकेचाळिसांची नावे बायांनी दिली. रतनबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिचे दुखणे फक्त पडशाचे होते. ती म्हणाली, माझं बी लिव्हा, माझं नाव कागदावर कवाच आलं न्हाई. पाच बाया आता हयात नाहीत, त्यांची नावे त्यांच्या आयांना विचारून लिहिली आहेत. उरलेल्या तेरांनी नाव देऊ दिले नाही. त्यांच्या पुढे अर्जदाराने नावाऐवजी काकणाचे माप लिहिले आहे, आणि असेल तर मनगटावरची खूण, जसे: दोन, डाव्या हाताला तव्याचा डाग. माप ही कचेरीच्या रीतीने ओळख धरता येत नसेल तर माफी असावी. अर्जदाराजवळ दुसरी नाही.

११. एवढे सगळे अर्जदाराने अजून काही दिवस लांबवले असते. परंतु मागील शुक्रवारी, तारीख ३१ मे रोजी, तो करवंददऱ्यास मुक्ताबाईच्या घरी चुडा भरावयास गेला. धाकटी सून राहीबाई, बन्सीची बायको, पहिलटकरीण, हिला सातवा लागला आहे. चैत्रात तिचे माप सव्वादोन होते, ते अर्जदाराने स्वतः भरले होते. शुक्रवारी सव्वादोन सांध्याशी थांबले, अडीच लागले. अर्जदाराने तिच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्याने आणखी एकदा, दुसऱ्या जागी दाबून पाहिले. राहीबाई त्याच्याकडे बघत होती. चांगुणाच्या वेळी ती त्याच घरात होती, तिला सांगावे लागले नाही. ती म्हणाली, "मामा, आत्याबाईला सांगू नगा. त्यांनी नारळ काढून ठिवलाय."

डोके दुखते का, असे अर्जदाराने विचारले. ती म्हणाली, कवा कवा. काजवे दिसतात का? न्हाई अजून. हे 'अजून' तिने इतके साधे म्हटले की अर्जदाराच्या हातातला काकणांचा सर खाली पडला.

१२. मुक्ताबाई नारळ घेऊन आली तेव्हा अर्जदाराने तो घेतला नाही. ती म्हणाली, का वो खाजाभाई, नारळाचा बी भाव पडला का? त्याने सांगितले की सूज आहे, ही चांगुणाचीच सूज आहे. ती एकदम तापली. काकनं भरता का वैदगिरी करता, चांगलं बोलायची येळ हाय अन् मेल्याचं नाव काढता, असे बरेच बोलली. तेव्हा अर्जदाराने तिला तिथेच सगळे सांगितले. डॉक्टरसाहेबांचा प्रश्न, टेबलावरचे आपले हात आणि आपले उत्तर. घरात हे आजवर कोणाला माहीत नव्हते. मुक्ताबाई पायरीवर बसली. अर्जदाराला वाटले आता ती त्याला हाकलून देईल आणि ते योग्यच होईल. तिने पदराने नारळ पुसला, बाजूला ठेवला आणि बोलली. तिचे शब्द अर्जदार जसेच्या तसे देतो:

"एक माज्या अन् तुमच्या अज्ञानानं गेली. ही न्हाई जायची. बाप्या डाक्टरापुढं मी पोरीला न्हाई न्यायची, तसं माज्यानं हुनार न्हाई, मला तोडून टाकलं तरी. पन बाईमानूस आना. सरकारची असू, कोन्या जातीची असू. ती म्हनंल तसं करू, ती म्हनंल तर तिच्यासंगं नगरला धाडू. मी सोता दारात बसून राखन करीन."

हुजूर, या घराण्यातल्या कोणी आजवर एवढे कबूल केले नव्हते. अर्जदार मुसलमान, दारोदार फिरणारा. त्याच्यापुढे त्या म्हातारीने आपली मान एवढी खाली आणली, ती त्याच्यासाठी नव्हे.

१३. त्याच दिवशी राहीबाईची लघवी बाटलीत घेऊन अर्जदार पिंपळहोळला आला. या वेळी त्याने डॉक्टरसाहेबांना राहीबाईचे नाव सांगितले. त्यांनी नियम बाजूला ठेवून ती दिव्यावर उकळली. ती फाटलेल्या दुधासारखी पांढरी झाली, म्हणजे सूज त्याच रोगाची. डॉक्टरसाहेबांनी मीठ तोडायला आणि निजून राहायला सांगितले आहे, परंतु दाब पाहिल्याशिवाय व पोट तपासल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही, आणि पंधरा दिवसांत कोणीतरी पाहिलेच पाहिजे, असे ते म्हणतात. स्वतः येण्यास ते तयार होते. अर्जदार त्यांना घेऊनही गेला, शनिवारी. मुक्ताबाई दारात बसून होती. तिने त्यांना ताक दिले, पाया पडली, आणि आत सोडले नाही. डॉक्टरसाहेब ताक पिऊन परत फिरले. अर्जदार येथे त्या म्हातारीची तक्रार करीत नाही. ती जेवढी वाकू शकत होती तेवढी वाकली आहे. उरलेले अंतर सरकारने चालून यावे, एवढीच विनंती आहे.

१४. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी की:

पिंपळहोळ रजिस्टरातील सोबतच्या यादीप्रमाणे एकोणसाठ दुखणी अर्जदाराच्या नावावरून काढून त्या त्या बायांच्या नावे करण्यात यावीत. म्हणजे सन १९४५ सालची स्त्री रुग्णांची संख्या अकरा नसून सत्तर होईल.

एक बाई नर्स, दाबाच्या यंत्रासह, या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत करवंददऱ्यास पोचेल अशी तजवीज व्हावी. मृगाचे दोन पाऊस झाले की पाणी चढू लागते आणि जुनी वाट जाते. नर्सबाईला मोटारीच्या अड्ड्यावरून आणण्यास अर्जदार तट्टू घेऊन हजर राहील. परक्या मुलखात त्यांना अवघड वाटू नये म्हणून अर्जदाराची बायको मलिका बरोबर येईल. मलिका लग्न झाल्यापासून बुरख्याशिवाय गावाबाहेर गेलेली नाही. परवा ती आपणहून म्हणाली की डोंगराच्या वाटेवर बुरखा पायात येतो, तो ती घरी ठेवील. राहीबाईला नगरास न्यावे लागले तर गाडी बन्सी जुंपील.

अर्जदाराने केलेल्या गुन्ह्याबद्दल जी शिक्षा योग्य वाटेल ती द्यावी. ती आश्विनापासून पुढे असावी इतकेच मागणे आहे, कारण तोवर त्या वाड्यांत जाणारे दुसरे कोणी नाही.

आणि हे यापैकी काहीच होण्याजोगे नसेल तर एक. या अर्जाचे उत्तर अर्जदाराच्या नावे पाठवू नये. ते राहीबाई, बन्सीची बायको, मौजे करवंददरा, या नावे पाठवावे. नर्स येणार असेल तर तारीख लिहावी. येणार नसेल तर तेही लिहावे, परंतु आपल्या भागातील स्त्रियांची प्रकृती असे न लिहिता, राहीबाई, तुझ्याकडे कोणी येणार नाही, असे तिचे नाव घालून लिहावे. तिला अक्षर येत नाही. अर्जदार तिच्या ओट्यावर बसून, हुजुरांनी लिहिले असेल ते, एकही शब्द न बदलता तिला वाचून दाखवील.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
खाजाभाई वल्लद बाबाजान मणियार
(सही दस्तुरखुद्द)
मुक्काम पिंपळहोळ, तारीख ३ जून १९४६, सोमवार

सोबत :
(१) एकोणसाठ दुखण्यांची यादी. खरे दुखणे एका बाजूस, अर्जदाराने सांगितलेले दुसऱ्या बाजूस.
(२) मुक्ताबाईच्या संमतीचा कागद, डाव्या अंगठ्याच्या ठशासह.
(३) काचेची काकणे दोन, कापसात गुंडाळून. लहान ते राहीबाईचे चैत्रातले माप, मोठे शुक्रवारचे. मध्ये सात आठवडे आहेत. लहान काकण मोठ्यात ठेवून पाहावे.